वरच्या मजल्याशी तुटलेले संबंध

पहिला थेंब टकलावर पडला तेव्हा भाऊसाहेब आरशासमोर दाढी करत होते, आणि आपल्याच फेसाळलेल्या चेहऱ्याकडे बघून हलक्या आवाजात "या, या, राजदूतमहोदय" असं म्हणून पाहत होते. थेंब नेमका "महोदय"वर पडला.

त्यांचंही काही चुकत नव्हतं म्हणा. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी सहा परके देश पाहिले होते, सात राजदूतांच्या छत्र्या धरल्या होत्या, आणि आता ते या परमुलखातल्या आपल्या दूतावासात दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी होते. दुसऱ्या क्रमांकाचा माणूस म्हणजे काय, तर पहिल्या क्रमांकाचं भाषण लिहायचं आणि ते चालू असताना पहिल्या रांगेत बसून नव्यानं ऐकल्यासारखं तोंड करायचं. आदल्याच दिवशी साहेबांनी, म्हणजे त्यांच्या राजदूतांनी, त्यांना केबिनमध्ये बोलावून स्वतः उठून दार लावलं होतं. साहेब स्वतः उठले, इथंच भाऊसाहेबांना पहिला धक्का बसला होता.

"भाऊसाहेब, यादीत तुमचं नाव आहे. राजदूत म्हणून. पंधरा दिवसांत मंजुरी येईल. या पंधरा दिवसांत तुम्ही फक्त एक काम करायचं."

"सांगा ना साहेब."

"काही करायचं नाही."

भाऊसाहेबांना ही कामगिरी अवघड वाटली नाही. सरकारी नोकरीत एकतीस वर्षं तालीम झाली होती. आणि दुसऱ्याच सकाळी हा थेंब.

त्यांनी वर पाहिलं. छताला बशीएवढा ओला डाग. दुपारपर्यंत बशीचं ताट झालं, संध्याकाळी ताटाचा नकाशा झाला आणि त्याला किनारपट्टीही फुटली. दोन दिवसांत बाथरूममध्ये बादली, बादलीशेजारी पातेलं, पातेल्याशेजारी पाहुण्यांसाठी राखलेलं सूपचं भांडं अशी मांडामांड झाली. कमोडवर बसावं लागे तेही छत्री उघडून.

सासूबाईंच्या गुडघ्यांना तेल चोळता चोळता बायको म्हणाली, "अहो, एवढं काय मनाला लावून घेताय? वरच्यांना सांगून या."

कुठल्याही घरात गोष्ट इथं संपली असती. वर जायचं, बेल वाजवायची, "तुमचं पाणी आमच्याकडं येतंय" म्हणायचं, ते म्हणणार "अरेरे, बघतो हं", आणि पुढचे दोन महिने न बघणार. पण भाऊसाहेबांच्या वरच्या मजल्यावर, तीनच आठवड्यांपूर्वी, 'ते' राहायला आले होते.

'ते' म्हणजे शेजारच्या देशाच्या दूतावासातले दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी. या शेजारच्या देशाशी आपल्या देशाचे संबंध एकोणीस वर्षांपूर्वी तुटले होते. दोन्हीकडची भाषा जवळपास एकच, त्यामुळे भांडण चांगलं टिकलं होतं. मूळ कारण कुणालाच आठवत नव्हतं. कारण फायलीत होतं, आणि दूतावास बंद करतानाच्या पळापळीत फाईल त्यांच्याकडं राहिली होती. पण परिपत्रक मात्र आपल्याकडं होतं. क्रमांक एकशे सात. 'त्यां'च्याशी बोलू नये, हसू नये, मान हलवू नये, अचानक समोरासमोर आल्यास जवळच्या भिंतीकडं पाहावं. 'त्यां'च्याकडंही असंच परिपत्रक असावं, कारण लिफ्टमध्ये गाठ पडली की दोघंही गृहस्थ "सहा माणसं किंवा चारशे पन्नास किलो" ही पाटी एखादा अभंग पाठ करावा तशी मन लावून वाचत उभे राहत.

"वर कसा जाऊ?" भाऊसाहेब म्हणाले. "संबंध तुटलेत."

"मग पाणी कसं येतंय?" बायकोनं विचारलं. या प्रश्नाला परिपत्रकात उत्तर नव्हतं.

मग प्लंबर आला. त्यानं डागाकडं पाहिलं, काठीनं छत दोनदा ठोकलं, कान लावला आणि एखाद्या मोठ्या डॉक्टरासारखा चेहरा केला.

"वरून आहे."

"ते दिसतंय. उपाय काय?"

"वर जाऊन फरशी उघडायची. वरच्यांना सांगा."

"सांगता येत नाही."

"का? भांडण झालंय?"

"एकोणीस वर्षांपूर्वी."

प्लंबर चकित झाला. "ते तर परवा राहायला आले!"

"भांडण त्यांच्या आधीपासूनचं आहे," भाऊसाहेब जरा ताठ होऊन म्हणाले.

"मग मी सांगतो की वर जाऊन. माझं कुणाशी भांडण नाही."

भाऊसाहेबांनी त्याचा दंडच धरला. दोन सरकारांमध्ये प्लंबरानं निरोप नेणं म्हणजे काय, हे त्या बिचाऱ्याला कळण्यासारखं नव्हतं. अनधिकृत माणसातर्फे संपर्क! पंधरा दिवसांपैकी तिसऱ्या दिवशी! भाऊसाहेबांना आपलं 'महोदय' नाल्यातून वाहून जाताना दिसलं.

"साहेब," प्लंबर पिशवी खांद्याला लावत म्हणाला, "आठ दिवसांत हे छत खाली येईल. तेव्हा परवानगी विचारणार नाही ते."

पळवाट एकच होती, आणि ती अधिकृत होती. संबंध तुटलेल्या देशांनी एकमेकांशी बोलायचं असेल तर एक तिसरा देश मध्ये असतो, तो निरोप पोचवतो. या कामासाठी नेमलेले गृहस्थ दोन खोल्यांच्या एका ऑफिसात एकोणीस वर्षं बसून होते. त्यांना सगळे 'मधले काका' म्हणत. एकोणीस वर्षांत त्यांच्याकडं फक्त चार निरोप आले होते. सीमेपलीकडं उडून गेलेल्या हवामानखात्याच्या एका फुग्याबद्दल तीन, आणि फुगा सापडला नाही याबद्दल एक. त्यामुळे भाऊसाहेब दारात दिसताच मधले काका खुर्चीतून असे उठले की खुर्ची मागच्या कपाटावर आपटली.

"निरोप आहे?" त्यांनी शिक्का हातात घेऊनच विचारलं.

"बाथरूमबद्दल आहे," भाऊसाहेब ओशाळून म्हणाले.

"अहो, कशाबद्दलही असू द्या!"

भाऊसाहेबांनी तिथंच बसून मसुदा केला. साधा, तीन ओळींचा. छतातून पाणी येते, वरच्या बाजूने तपास व्हावा, कळावे. मधल्या काकांनी तो टाइप केला, तीन शिक्के मारले, चौथ्या शिक्क्याला जागा नव्हती म्हणून हळहळले, आणि स्वतः टोपी घालून तो पोचवायला निघाले.

आता इथं झाली ती चूक. ती परराष्ट्र खात्यातल्या माणसाखेरीज कुणाच्या हातून झाली नसती. परराष्ट्र खात्यात पत्र संपवायचं एक ठरलेलं वाक्य असतं: "या निमित्ताने आपल्याविषयीचा अत्युच्च आदर पुनश्च व्यक्त करण्याची संधी घेत आहोत." एकतीस वर्षं हे वाक्य लिहून भाऊसाहेबांच्या हाताला ते असं बसलं होतं की डोक्याला विचारायची गरजच उरली नव्हती. दूधवाल्याला "उद्या अर्धा लिटर जास्त" अशी चिठ्ठी लिहिली तरी खाली अत्युच्च आदर. धोब्यानं शर्ट जाळला तेव्हा त्याला लिहिलेल्या खरमरीत पत्राखालीही अत्युच्च आदर, आणि तेव्हापासून धोबी त्यांना थोडा घाबरून असे. पण संबंध तुटलेल्या देशाला आदर व्यक्त करायचा नसतो. एकोणीस वर्षं दोन्हीकडची पत्रं "इति" या दोन अक्षरांवर दार आपटल्यासारखी संपत होती. फुग्याच्या चारही पत्रांखाली इति.

बाथरूमच्या पत्राखाली मात्र अत्युच्च आदर होता. पुनश्च.

चार दिवसांनी उत्तर आलं. मधले काका ते दोन्ही हातांत धरून, तीर्थाची वाटी सांडू नये तसे, दूतावासात शिरले. साहेबांनी पत्र वाचलं. मग चष्मा पुसून परत वाचलं. मग त्यांनी भाऊसाहेबांना बोलावलं, आणि या वेळी दार लावायला ते उठले नाहीत. त्यांच्यानं उठवतच नव्हतं.

"यात पाण्याबद्दल एक शब्द नाही," साहेब म्हणाले. "फक्त एक ओळ आहे. 'आपल्या आदराची नोंद घेतली असून आम्हीही आदर व्यक्त करतो.' भाऊसाहेब, तुम्ही आदर व्यक्त केलात?"

भाऊसाहेबांच्या तोंडाचा आ झाला.  "सवयीनं गेला, साहेब."

"सवयीनं! अहो, कुणाला विचारून? तिकडं त्यांच्या मंत्रिमंडळाची बैठक बसली! इकडं आपलं मंत्रालय मला विचारतंय की धोरण कधी बदललं. मला काय माहीत धोरण कधी बदललं? मला वाटलं होतं तुमची बाथरूम गळतेय!"

"मग मी पत्र मागं घेतो."

"म्हणजे आदर मागं घेणार?" साहेबांनी कपाळावर हात मारला. "एकदा दिलेला आदर परत घेतला की तो सरळसरळ अपमान. नुसते तुटलेले संबंध होते ते परवडले!"

"त्यांनी 'अत्युच्च' लिहिलेलं नाही," भाऊसाहेब चाचरत म्हणाले. "नुसताच आदर आहे. म्हणजे आपला थोडा जास्त झालाय."

"तुमची फाईल," साहेब म्हणाले, "मंत्र्यांच्या टेबलावर होती. आता ती टेबलाखाली आहे, असं मला कळलंय."

दरम्यान पाणी आपल्या कामात कुठं कमी पडत नव्हतं. ते भाऊसाहेबांच्या फरशीतूनही वाट काढून खालच्या मजल्यावर पोचलं. तिथं दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना होता, आणि भाऊसाहेबांची एक दाढ नेमकी त्याच डॉक्टरांकडं अर्धी खोदून ठेवलेली होती. वर कापसाचा आणि कसल्याशा मसाल्याचा तात्पुरता बोळा.

"तुमच्यावर मला दावा लावता येत नाही," डॉक्टर हातमोजे काढत म्हणाले. "तुम्हाला राजनैतिक संरक्षण आहे. मी चौकशी केली."

"हो. म्हणजे, तसं आहे खरं."

"पण दाढेला नाही. गळती थांबेल त्या दिवशी दाढ भरू."

त्यामुळे पुढच्या सगळ्या वाटाघाटी भाऊसाहेबांनी तोंडाच्या डाव्या बाजूनं केल्या.

होय, वाटाघाटी. दोन्ही मंत्रालयांनी डोकं खाजवून ठरवलं की आदर व्यक्त झालाच आहे, तर निदान 'तांत्रिक पातळीवर' भेटावं, आणि आदर किती व कुठवर हे पक्कं करावं. भेटायचं कुठं? भाऊसाहेबांनी वर जायचं म्हणजे आपण होऊन चढणं झालं. 'त्यांनी' खाली यायचं म्हणजे उतरणं झालं. शेवटी मधल्या काकांनी जिना सुचवला. दोन मजल्यांच्या मध्ये, अर्ध्यावर. स्वतः टेप घेऊन त्यांनी पायऱ्या मोजल्या आणि मटकन खाली बसले. पायऱ्या तेवीस निघाल्या. अर्ध्या कशा करायच्या? दोन दिवस याच्यावर तारा झाल्या. अखेर असं ठरलं की बारावी पायरी कुणाचीच नाही, तिच्यावर टेबल ठेवायचं. टेबलाचे दोन पाय बाराव्या पायरीवर आणि दोन विटांवर, आणि विटांवर मधल्या काकांच्या देशाचा शिक्का.

तेराव्या दिवशी, दुपारी चार वाजता, बाराव्या पायरीवर दोन्ही देश भेटले. प्लंबर आपली पिशवी घेऊन खाली सातव्या पायरीवर बसला होता, त्याला कुणी बोलावलं नव्हतं पण तो रोज येऊन बसायचा. म्हणाला, "छत पडताना बघायचंय."

भाऊसाहेबांनी वरच्या गृहस्थांना पहिल्यांदाच भिंतीऐवजी समोरून पाहिलं आणि ते थक्क झाले. तेच टक्कल. कोपरावर तसाच झिजलेला कोट. वरच्या खिशात तीन पेनं, त्यातलं एक गळणारं. वरचे गृहस्थही त्यांच्याकडं डोळे विस्फारून बघत होते.

"आधी विषयपत्रिका ठरवू," मधले काका म्हणाले. "मुद्दा पहिला: खाली येणारा पदार्थ पाणी आहे की नाही."

"तसं म्हणायला आमची हरकत नाही," वरचे म्हणाले, "पण तसं लेखी देण्याचा अधिकार मला नाही."

तासभर हे चाललं. मधले काका पेन्सिलीला टोक करायला जरासे वळले, तेवढ्यात वरचे गृहस्थ पुढं झुकले आणि कुजबुजले, "एक खासगीत सांगू का? मी तुमच्या आधीच माफीचं पत्र लिहिलंय. पहिल्या दिवशीच, खाली टपटप ऐकू आली तेव्हा. ते आमच्या मंत्रालयात अडकलंय. माफी मागायला मंत्रिमंडळाची मंजुरी लागते."

भाऊसाहेबांना भडभडून आलं. "अरेरे!"

"आणि टब वापरणं मी पहिल्या दिवसापासून बंद केलंय हो. स्वयंपाकघरातल्या नळाखाली डोकं घालून आंघोळ करतो. माझीही फाईल मंत्र्यांकडं आहे. राजदूतपदाची. म्हटलं, पंधरा दिवस काही करायचं नाही."

भाऊसाहेबांचा हात टेबलावरच राहिला. "थांबा, थांबा. तुम्ही टब वापरत नाही?"

"नाही."

"मग रोज दुपारी तीन ते पाच आमच्याकडं धो-धो पाणी येतं, ते कुणाचं?"

 आणि तेवढ्यात ते झालं. आधी एक करकर आली, जुनं कपाट ओढावं तशी. मग एक आवाज झाला, त्याचं वर्णन दातांच्या डॉक्टरांनी नंतर पोलिसांकडं "इमारतीनं दाढ काढली" असं केलं. जिना हादरला, विटा सरकल्या, आणि मधल्या काकांचं टेबल बाराव्या पायरीवरून उतरत उतरत सरळ आपल्या देशाच्या हद्दीत आलं.

सगळे भाऊसाहेबांच्या घरात धावले. वरचे गृहस्थ उंबरठ्यावर थांबले, कारण पुढं परकी भूमी होती. पण मान मात्र त्यांनी परक्या भूमीत जेवढी जाईल तेवढी घातली.

बाथरूमच्या छताला गाडी जाईल एवढं भगदाड पडलं होतं. खाली, चुन्याच्या आणि विटांच्या ढिगाऱ्यावर, चार पायांवर अगदी सरळ उभा, वरच्यांचा टब होता. टबात अजून वाफाळतं पाणी होतं. आणि त्या पाण्यात गुडघ्यापर्यंत पाय सोडून, घरातला गाउन नीट आवरून, चष्म्यावर चुन्याचा थर घेऊन, भाऊसाहेबांच्या सासूबाई बसल्या होत्या.

  भगदाडातून वर एक पांढऱ्या केसांचं डोकं डोकावलं. ती वरच्या गृहस्थांची आई.

"लागलं का हो, ताई?"

"नाही हो, ताई," सासूबाई वर बघून म्हणाल्या. "पाणी तेवढं सांडलं. बघा कसं छान कढत होतं."

बायकोनं तोंडाला पदर लावला. "आई! तू वर काय करत होतीस?"

"गुडघे शेकत होते. आता दोन आठवडे झाले की. वरच्या ताईंचे गुडघे, माझे गुडघे, आणि टब एवढा मोठा. रोज दुपारी दोघी बसतो पाय सोडून, गप्पा मारत. आज त्या चहा ठेवायला उठल्या म्हणून वाचल्या. गच्चीवर कपडे वाळत घालताना ओळख झाली आमची. आणि इथं कुठं बसू मी? आपल्या बाथरूममध्ये तर सारखं वरून पाणी गळतंय!"

भाऊसाहेबांनी मनात हिशोब केला. तेरा दिवस, दोन मंत्रालयं, एक मंत्रिमंडळ, तेवीस पायऱ्या. आणि पाणी त्यांच्या सासूबाईंच्या गुडघ्यांवरून येत होतं.

"तुम्हाला परिपत्रक एकशे सात माहीत नाही?" ते कसंबसं म्हणाले.

"ते तुमच्यासाठी आहे, जावईबापू. त्यात सासूबाई कुठं लिहिलंय?"

खरोखरच लिहिलेलं नव्हतं. भाऊसाहेबांनी नंतर तीनदा वाचून खात्री केली.

"आता मला कुणी हात देणार का?" सासूबाई म्हणाल्या. भाऊसाहेब चटकन पुढं झाले, तोच मधले काका ओरडले, "थांबा! टब त्यांच्या दूतावासाच्या मालकीचा आहे! त्याच्या आत हात घालणं म्हणजे परवानगीविना प्रवेश!" भाऊसाहेबांचा हात हवेत थिजला. वरच्या गृहस्थांना टबात हात घालायचा अधिकार होता, पण टब भाऊसाहेबांच्या घरात होता, आणि त्यांना घरात पाऊल टाकता येत नव्हतं. आपल्या सासूबाई त्यांच्या टबात, त्यांचा टब आपल्या घरात. मधल्या काकांनी खिशातून पाचवा शिक्का काढला आणि तो कशावर मारावा हे न कळून तसाच धरून उभे राहिले.

शेवटी प्लंबर सगळ्यांना बाजूला सारत पुढं आला, त्यानं बोटं पुसली, आणि सासूबाईंना काखेत धरून अलगद बाहेर काढलं.

"आठ दिवस सांगितले होते मी," तो म्हणाला. "दहा टिकलं. जुनं बांधकाम चांगलं असतं."

सूर्य मावळायच्या आत दोन्ही राजधान्यांत बातमी पोचली. उद्या सकाळी दहापर्यंत लेखी अहवाल हवा: आपला नागरिक त्यांच्या टबात कसा? साहेब स्वतः भाऊसाहेबांच्या घरी आले, भगदाड बघून हळूच म्हणाले, "हे बघा. एकच वाट आहे. लिहा की त्यांनी फूस लावून वर नेलं. वयस्कर बाई, भोळी, गरम पाण्याचं आमिष. मंत्रालय खूश. तुमची फाईल परत टेबलावर."

"आणि वरच्यांचं?"

"नोकरी जाईल. कदाचित तिकडं चौकशीही बसेल. पण तो त्यांचा प्रश्न. तुम्ही राजदूत व्हाल, भाऊसाहेब. एकतीस वर्षं वाट पाहिलीत."

एकतीस वर्षं. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता भाऊसाहेब कोरा कागद घेऊन बसले. घरात कुठंच शांतता नव्हती म्हणून ते बाथरूममध्ये, टबाच्या कडेशी स्टूल टाकून बसले. 'फूस' हा शब्द त्यांनी लिहिला. तो कागदावर बरा दिसला. त्यांनी पेन टेकवून वर पाहिलं. भगदाडातून वरची खोली दिसत होती. तिथं एका स्टुलावर वरचे गृहस्थ बसले होते, गुडघ्यावर कोरा कागद, हनुवटीखाली हात. त्यांनीही त्याच वेळी खाली पाहिलं. दोघांची नजर भिडली, आणि दोघांनीही परिपत्रकाप्रमाणं ताबडतोब भिंतीकडं पाहिलं. भिंत दोघांचीही पडकीच होती.

वरच्यांच्या कागदावरही तोच शब्द असणार, हे भाऊसाहेबांना न विचारता कळलं. त्यांच्याही साहेबांनी तसंच सांगितलं असणार.

भाऊसाहेबांनी कागद फाडला. दुसरा घेतला. त्यावर लिहिलं: "सासूबाई स्वखुशीने गेल्या. शेजारी या नात्याने त्यांना प्रेमाने वागवण्यात आले. मला कल्पना नव्हती, कारण घरात मला कोणी काही सांगत नाही. यात वरच्या अधिकाऱ्यांचा काही दोष नाही." आणि खाली, या वेळी सवयीनं नव्हे, हात आवरून, शब्द मोजून, त्यांनी आदर लिहिला. अत्युच्च.

वर बघायची त्यांना हिंमत झाली नाही. पण वरूनही एक कागद फाडल्याचा आवाज त्यांनी ऐकला.

अहवाल गेले. भाऊसाहेबांनी दारावरची नावाची पाटी पुसून घेतली, ती बदलायची गरज आता पडणार नव्हती. बायकोनं चहा दोन वेळा दिला. दातांच्या डॉक्टरांनी दाढ भरली, गळती तशी थांबलीच होती. टब मात्र तिथंच होता, कारण तो हलवायला दोन्ही सरकारांची परवानगी हवी होती, आणि घरातले सगळे अंग चोरून, त्याला प्रदक्षिणा घालून आंघोळीला जात होते.

आठव्या दिवशी साहेबांनी बोलावलं. त्यांच्या हातात एक पाकीट होतं आणि चेहरा असा होता की त्याला राग म्हणावं की काय ते त्यांनाच ठरवता येत नव्हतं.

"तुमचा अहवाल आणि वरच्यांचा अहवाल," साहेब म्हणाले, "दोन्ही मंत्रालयांनी शेजारी ठेवून वाचले. जुळतात. एकोणीस वर्षांत दोन्हीकडचे दोन कागद जुळण्याची ही पहिलीच वेळ. दोन्हीकडं इतका धक्का बसला की त्या धक्क्यातच संबंध परत सुरू करायचं ठरलं."

"अरे वा!"

"आनंद करू नका. तुम्ही सरळ आदेश मोडलेत. तुम्हाला शिक्षा व्हायलाच हवी असं मंत्र्यांचं मत पडलं." साहेबांनी पाकीट उघडलं. "आता तिकडं दूतावास उघडायचा म्हणजे कुणीतरी जायला हवं. एकोणीस वर्षं बंद पडलेली इमारत, नळ आहेत की नाहीत माहीत नाही, लोक बोलतील की नाही माहीत नाही. कुणी अर्ज केला नाही. तेव्हा शिस्तभंगाची कारवाई म्हणून तुमची तिकडं बदली होत आहे." त्यांनी कागद उलटला. "राजदूत या पदावर."

भाऊसाहेबांनी पाकिटावरचं नाव परत वाचून घेतलं.

"वरच्यांनाही त्यांच्या सरकारनं तीच शिक्षा केली आहे," साहेब म्हणाले. "आपल्या राजधानीत. मधल्या काकांचं ऑफिस बंद. ते सकाळपासून रडताहेत."

भाऊसाहेब घरी चालत गेले. लिफ्ट त्यांनी घेतली नाही, पायऱ्यांचा हिशोबही ठेवला नाही. वाटेत त्यांनी वाक्य तयार केलं. आधी बायकोला बसवायचं. मग सासूबाईंना बोलवायचं. मग खाकरायचं, थोडं थांबायचं, आणि सांगायचं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा घरात एखादी बातमी त्यांच्या तोंडून कळणार होती.

दार उघडलं. दिवाणखान्यात दोऱ्यांनी बांधलेली खोकी रांगेनं लावलेली होती. सासूबाई शेवटच्या खोक्याला गाठ मारत होत्या.

"आलात, जावईबापू? वरच्या ताईंनी मंगळवारीच सांगितलं. म्हटलं, तुम्हाला कळेल तेव्हा कळेल. आमचं सगळं बांधून झालंय, तुमचं तेवढं राहिलंय."